येते म्हणून गेलेली

१

सोमवारी दिवेलागणीला मी दुकानाबाहेरची फुलांची बादली आत घेत होते, आणि समोर कीनबाईंच्या खिडकीत अंधार होता.

यात दचकण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण त्या खिडकीत अंधार मी कधी पाहिलाच नव्हता. परदेशातल्या या पुकेकोहे गावाची घरं संपून कांद्याची शेतं सुरू होतात तिथे आमचं दुकान आहे. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला ‘डेअरी’ म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, मागे म्हशी असतील. म्हशी नव्हत्या, पण समोर शेताच्या पलीकडे एक जुनं लाकडी घर होतं आणि त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पितळी समई. वीतभर उंचीची, आपल्याकडची. सूर्य मावळला की ती लागायची. माल घेऊन येणारे ड्रायव्हर एकमेकांना पत्ता सांगायचे, ‘दिव्याच्या घराच्या अलीकडे वळ.’

माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की म्हातारी गेली. नोरा कीन सत्त्याऐंशीच्या, डोळ्यांनी उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. बादली तिथेच टाकून मी फोन लावला.

त्यांनीच उचलला. आवाज असा, की कालच लग्न ठरलंय.

“स्नेहा,” त्या म्हणाल्या, “ती आली. आली, आणि तिचा दिवा घेऊन गेली.”

२

दुसऱ्या दिवशी सकाळी सानिका दुकानात आली ती रडत. मी शिरीषला गल्ल्यावर बसवलं आणि तिला मागे नेलं. शिरीष म्हणजे माझा नवरा. रडणारी बाई दिसली की तो आपण होऊन बटाट्याची पोती मोजायला लागतो.

सानिका संगमनेरची. हॅमिल्टनला शिकायला आली, आता म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन सांभाळायचं काम करते. कीनबाईंकडे रोज दुपारी जायची. जेवण, औषधं, आणि संध्याकाळी निघताना समई लावून द्यायची. समईचं तिळाचं तेल माझ्याच दुकानातून जायचं.

“काकू, एजन्सीने मला घरी बसवलंय. चोरी म्हणे. शुक्रवारी मीटिंग आहे. नोकरी गेली की व्हिसा गेला. मग विमानात बसायचं आणि आईला सांगायचं, मी चोर ठरले.”

“चोरी केली असं कोण म्हणालं?”

“नोराच! म्हणजे ती तसं नाही म्हणाली. एजन्सीला फोन करून ती खुशीत सांगत होती, एक इंडियन बाई आली, इंडियन भाषेत बोलली आणि दिवा घेऊन गेली. आता त्या घराची चावी कोणाकडे? माझ्याकडे. इंडियन कोण? मी. झालं त्यांचं गणित.”

“चावी आणखी कोणाकडे?”

“शिवॉनकडे, तिच्या भाचीकडे. आणि एक कुंडीखाली असते, ती सगळ्या गावाला माहीत आहे.” तिने नाक पुसलं. “काकू, तुम्ही मंडळाचा हरवलेला मोदकपात्राचा सेट शोधला होतात ना?”

शोधला होता. अध्यक्षांच्याच माळ्यावर होता. तेव्हापासून आमच्या मराठी मंडळात काही हरवलं की लोक माझ्याकडे येतात. माझी हुशारी एवढीच, की दुकानात सगळे बोलतात आणि मला सुटे पैसे द्यायला वेळ लागतो.

“समई तू लावलीस, आणि मग?”

“लावली. नोरा तिथेच शेजारी खुर्चीत. बाय म्हटलं, दार ओढलं, गाडीत बसले. आरशात खिडकी दिसत होती. दिवा लागलेला होता, आईशप्पथ.”

मी तिच्याकडे बघत होते. खोटं बोलणारं माणूस गिऱ्हाइकासारखं असतं. नको त्या गोष्टीचा भाव विचारतं. सानिका काहीच विचारत नव्हती. फक्त एकदा म्हणाली, “काकू, नोराने तुम्हाला सांगितलं का, ती बाई कुठला शब्द बोलली?”

“नाही.”

“मग आधी तो ऐका,” ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली.

३

त्याच दुपारी मी गेले तर कीनबाईंच्या घरात खोके पसरले होते. शनिवारी त्यांना पापाकुराच्या वृद्धाश्रमात जायचं होतं. म्हणजे वर्षभर प्रत्येक शनिवारी जायचंच होतं. पण तिथे खोलीत ज्योत चालत नाही, आणि दिवा सोडून मी हलणार नाही असं बाईंचं म्हणणं. आज मात्र त्या स्वतः बसून मोज्यांच्या जोड्या लावत होत्या.

भाची शिवॉन कपाटं रिकामी करत होती. तिचं स्पेलिंग वाचून मी तिला वर्षभर ‘सिओभान’ म्हणत होते, तिने कधी सुधारलं नाही, इतकी गुणी बाई. पन्नाशीची, हॅमिल्टनला नर्स आहे, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात. खिडकीला नवा पडदा होता. जुन्याचं टोक गेल्या महिन्यात दिव्याने करपलं, तो तिने बदलला होता.

“बस,” बाई म्हणाल्या. त्या बोलतात इंग्रजीत, तेही आयरिश वळणाचं. मी सांगते माझ्या मराठीत. “तुला माझ्या वडिलांची गोष्ट नीट सांगितली आहे का मी?”

तुकड्या-तुकड्यांनी ऐकली होती. त्या दिवशी सलग ऐकली.

मार्टिन कीन. एकोणीसशे वीस साली गोऱ्या फौजेतला आयरिश शिपाई, मुक्काम पुण्याजवळ खडकीला. त्या उन्हाळ्यात पंजाबात आयरिश शिपायांच्या एका पलटणीने बंदुका खाली ठेवल्या होत्या. तिकडे आयर्लंडात आमच्या गावांवर जे चाललंय ते ऐकून आम्ही तुमची चाकरी करणार नाही म्हणाले. पाठोपाठ मार्टिनला बातमी आली, की त्याच्या थोरल्या भावाचं घर इंग्रजांच्या पोलिसांनी जाळलं. आणि त्याच आठवड्यात त्याची नेमणूक झाली नदीच्या पुलावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या टोपल्या तपासायला.

एक तरुण बाई आली. डोक्यावर पदर, टोपलीत पूजेचं सामान. त्याने वरचं कापड उचललं. समई, फुलं, आणि फुलांखाली पिस्तूल.

“त्यांनी कापड परत घातलं,” कीनबाई म्हणाल्या. “पण मागे सार्जंट उभा. काहीतरी जप्त केल्यासारखं दिसायला हवं. म्हणून वडिलांनी समई उचलून घेतली आणि तिला पुढे जा म्हटलं. ती गेली नाही लगेच. त्यांच्याकडे बघितलं आणि एक शब्द बोलली. मग गेली.”

“कुठला शब्द?”

बाईंनी मान ताठ केली. देवळात घंटा वाजवायच्या आधी माणूस होतं तसं.

“येते,” त्या म्हणाल्या. “वडिलांनी छावणीतल्या खानसाम्याला विचारलं. तो म्हणाला, साहेब, ती सांगतेय, मी येतेय.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“मग फौज सुटली. परत जायला गाव होतं, घर नव्हतं. ते इकडे आले. दिवा परक्याचा आहे, ती घ्यायला येणार, म्हणून रोज खिडकीत. मी लहानपणी विचारलं होतं, तिला आपला पत्ता कसा कळणार? म्हणाले, मग दिवा कशासाठी असतो?”

शिवॉन पाठमोरी होती. खोक्याला चिकटपट्टी लावत होती, एकच पट्टी, पुन्हा पुन्हा.

“सोमवारचं सांगा,” मी म्हटलं. “जसं ऐकलंत तसं.”

“मी या खुर्चीत. डुलकी लागली होती. मागचं दार वाजलं. बूट काढल्याचे दोन आवाज. तुम्ही लोक काढताच. मग बाईचा आवाज, हळू, ‘येते’. मग पावलं दिव्याकडे गेली. फुंकर ऐकू आली, आणि सगळं काळं झालं. वातीचा धूर आला नाकाशी. मी हाक मारली नाही. शंभर वर्षांनी आलेल्या माणसाला काय म्हणून हाक मारायची?” त्यांनी डोळे पुसले. “आता मी जाऊ शकते, स्नेहा. माझं काम संपलं.”

निघताना शिवॉन म्हणाली, तिला वृद्धाश्रमात सह्या करायला पापाकुराला जायचंय. सानिका तिथेच स्टेशनजवळ राहते, म्हणून मी तिच्या गाडीत बसले.

“पायाखाली मॅट नाहीये, सॉरी, धुवायला काढलंय,” ती म्हणाली. “सोमवारी मी ड्यूटीवर होते, नाहीतर हे झालंच नसतं.”

मी तिला विचारलं नव्हतं. पण तेव्हा माझं लक्ष नव्हतं. गाडी शेतांच्या मधून धुक्यात चालली होती आणि मला एकदम माझ्या आईच्या देवघरात बसल्यासारखं वाटत होतं. तोच कोंदट, गोडसर वास. मनात म्हटलं, स्नेहलता, त्या घरातून कुणीतरी तुझ्याबरोबर आलंय.

४

“कळलं ना काकू, शब्द?” सानिकाने दार उघडताच विचारलं.

“कळला.”

आम्ही दोघी तिच्या पलंगावर बसलो. खोलीत तेवढंच होतं बसायला. आपल्यात दारातून बाहेर पडताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘येते’ म्हणतात. माझी आजी तर ‘जाते’ म्हणणाऱ्याला परत बोलावून पाट मांडून बसवायची. त्या बाईने मार्टिन कीनला काही वचन दिलं नव्हतं. तिने फक्त निरोप घेतला होता. माणसासारखा, रीतीने. आणि त्या साध्या निरोपावर एक माणूस जन्मभर तेल घालत बसला, आणि त्याच्या पश्चात त्याची मुलगी.

“मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं,” सानिका म्हणाली. “नोराने गोष्ट सांगितली ना, त्याच दिवशी. तेव्हापासून त्या घरात मी तो शब्द उच्चारला नाही. निघताना तोंडात यायचा, गिळायचे. ‘बाय नोरा, सी यू’ म्हणायचे. रोज समई लावायचे आणि वाटायचं, आपण एका चुकीला तेल घालतोय. पण सांगू कसं? तिचा चेहरा बघितलाय ना तुम्ही?”

“शुक्रवारी हे सांगशील?”

“नाही.” पोर ताठ बसली. “आणि तुम्हीही सांगू नका. आणि सांगून फायदा काय? उलट म्हणतील, बघा, निघताना बोलायचा शब्द आहे, म्हणजे हिनेच निघताना म्हटला.”

ते खरं होतं. माझ्याही डोक्यात तेच घोळत होतं. कोणीतरी मराठी बाई घरात होती, तिने समई उचलली आणि जाताना ‘येते’ म्हटलं. सानिका नसेल तर दुसरी मराठी बाई कोण?

दुसरी होती ना. गेल्याच आठवड्यात माझ्या दुकानात, माझ्याच फ्रीजला टेकून ती म्हणाली होती, “काहीही करून ती समई मी मिळवणारच.”

५

दीप्ती आमच्या मंडळाची अध्यक्ष. नवरा पुण्याचा इंजिनियर, ती स्वतः आयटीत, आणि मंडळही ती प्रोजेक्टसारखं चालवते. यंदा पंधरा ऑगस्टला तिने विषय घेतला होता आयर्लंड आणि भारत. दोघांना छळणारा साहेब एकच, त्यामुळे खर्च कमी, असं शिरीष म्हणाला होता. प्रदर्शनात मधोमध समई ठेवायची होती. कीनबाईंनी नाही म्हटलं होतं.

त्याच संध्याकाळी मी हॉलवर गेले तेव्हा नाटुकल्याची तालीम चालली होती.

“स्नेहलता, माझ्यावर संशय? सोमवारी मी इथेच होते, तीस माणसं साक्षीला. मोदकपात्र काय सापडलं, तू तर सीआयडीच झालीस!”

“तूच म्हणालीस ना, मिळवणारच?”

“अगं, विकत! किंवा भाड्याने! कुलूप फोडून नाही. मी मराठी मंडळाची अध्यक्ष आहे, गुंड नाही.”

“काही वेळा फरक कळत नाही,” मागून कोणीतरी म्हणालं.

“नोराने तुला तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली होती का? शब्दासकट?”

“कसला शब्द? आयरिश शिपायाने पुलावर बाईला सोडलं आणि समई ठेवून घेतली, एवढंच. मला तर दारातूनच परत पाठवलं तिने. चहासुद्धा नाही.”

तेवढ्यात तालमीत दार उघडून दीप्तीची मुलगी ऋग्वेदा मंचावर आली. इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. नाटकापुरतं मराठी बोलते. क्रांतिकारकाच्या बहिणीची भूमिका. टोपली घेऊन ती घरात शिरली आणि ठणकावून म्हणाली, “आई, मी येते!”

“आलीस ना तू? मग ‘आले’ म्हण!” दीप्ती ओरडली. “‘येते’ जाताना म्हणतात. कितीदा सांगू?”

“बट आय ॲम कमिंग, मम्मा! कमिंग म्हणजे येते!”

सगळे हसले. मी हसले नाही.

दार वाजलं. बूट काढले. मग शब्द. मग पावलं दिव्याकडे गेली.

बाईंनी मला नीट क्रमाने सांगितलं होतं. मीच माझ्या मराठी कानाने तो शब्द उचलून शेवटी नेऊन ठेवला होता, कारण आपल्या जिभेला तो दुसरीकडे कुठे बसतच नाही. ती बाई आत येताना ‘येते’ म्हणाली होती.

आत येताना ‘येते’ म्हणणारी बाई मराठी नव्हती.

६

बुधवारी शिवॉन दुकानात दूध घ्यायला आली. मी शिरीषला पोत्यांकडे पाठवलं.

“तुझ्या गाडीत काल मला आईची आठवण आली,” मी म्हटलं. “मला वाटलं भूत आहे. तिळाचं तेल होतं ते. मॅटवर सांडलेलं.”

तिने दुधाची बाटली छातीशी धरली.

“मराठी बाई घरात शिरताना ‘येते’ म्हणत नाही, शिवॉन. ‘आले’ म्हणते. आणि दिवा लावता-लावता मोठी झालेली सहसा तोंडाने फुंकत नाही. हे दुसरं मी पुरावा म्हणून धरणार नाही, माझ्याच घरात वाढदिवसाला सगळे फुंकतात. पण पहिलं पक्कं आहे. ‘येते’चा अर्थ फक्त ‘मी येतेय’ एवढाच ज्याला ठाऊक, तोच तो तिथे वापरेल. तसं जगात एकच कुटुंब आहे. नोरा खुर्चीत होती. राहिलीस तू.”

“सानिकालाही शब्द माहीत होता,” ती कुजबुजली. विरोध म्हणून नाही. बुडणारा माणूस पाण्यालाच धरतो तसं.

“तिला खरा अर्थही माहीत होता. नोराला फसवायचं म्हणून ती मुद्दाम तो शब्द बोलली, असंही म्हणता येईल. पण मग तेल तुझ्या गाडीत कसं?”

शिवॉनने दुधाची बाटली काउंटरवर ठेवली.

“मी रोज वॉर्डात काय बघते तुला माहीत आहे? पडदा करपला त्या दिवसापासून मला झोप नाही. ती त्या घरात एकटी, आंधळी, उघड्या ज्योतीशेजारी. कितीदा समजावलं. म्हणायची, ती आल्याशिवाय नाही. मग मला वाटलं, येऊ दे तिला. एकदाच. मी इतकी हळू बोलले की माझाच मला आवाज ओळखू आला नाही. घाईत तेल सांडलं, गरम होतं, हात पोळला.” तिने बाही मागे केली. मनगटावर लाल पट्टा होता. “स्नेहा, ती मोजे भरतेय. हसतेय. तिला एवढं तरी राहू दे.”

“आणि सानिका?”

“ते असं होईल वाटलं नव्हतं. मी सांगणार होते. मंगळवारी सांगणार होते. आज सांगणार होते.”

“एजन्सीला तू सांगशील. पण ते नोराला विचारणारच, आणि ती पुन्हा म्हणेल, इंडियन बाई आली होती. तिच्या शब्दावर पोरीची फाईल आहे.”

“म्हणजे तिला खरं सांगायचं? सगळं? की ती बाई कधी येणारच नव्हती?” शिवॉनच्या डोळ्यांतून पाणी आलं. “थांब. तू काय म्हणालीस? खरा अर्थ? ‘येते’चा खरा अर्थ काय?”

तिलाही माहीत नव्हतं. अर्थात. मी तिला सांगितलं. शिवॉन दुकानातल्या उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसली.

मी एक गोष्ट कबूल करते, त्या दुपारी मला पळून जावंसं वाटलं. पण एका बाजूला शंभर वर्षांपूर्वी पूल ओलांडून गेलेली बाई होती, आणि दुसऱ्या बाजूला पापाकुरात पलंगावर बसलेली पोर, जी स्वतःला वाचवणारा शब्द गिळून बसली होती. त्या बाईने पिस्तूल वाहिलं ते काय एखाद्या पोरीला खोट्या आळात अडकवून परत पाठवण्यासाठी?

मी शिरीषला हाक मारली. “दुकान बघ. मी कीनबाईंकडे जाऊन येते.”

७

शिवॉनने समई ओट्यावर ठेवली. पितळ लाकडावर टेकल्याचा आवाज झाला आणि कीनबाईंचे हात मोज्यांवरच थांबले.

भाचीने सगळं सांगितलं, रडत. मग माझी पाळी. मी शब्दाचा अर्थ सांगितला. माझ्या इंग्रजीत तो फार उघडा-वाघडा झाला.

खिडकीबाहेर उजेड कमी होत होता. बाईंनी एक मोजा उचलला, घडी केली, परत उलगडला. मला वाटलं, मी या घरातलं शेवटचं माणूसही मारलं.

“शेजारी छगनभाईचं शेत होतं,” त्या अखेर म्हणाल्या. “गुजराती. रोज संध्याकाळी कुंपणापाशी गप्पा, आणि निघताना म्हणायचा, ‘आवजो’. एकदा वडिलांनी विचारलं, म्हणजे काय रे? तो म्हणाला, ‘या’ म्हणतो मी. वडील म्हणाले, निघालायस तू आणि ‘या’ काय म्हणतोस? छगनभाई हसला. म्हणाला, मार्टिन, आमच्या देशात कोणी ‘जातो’ म्हणत नाही. अशुभ असतं. जाणारा म्हणतो ‘येतो’ आणि राहणारा म्हणतो ‘या’.”

“मग?” शिवॉनने विचारलं.

“मी तेव्हा शाळेत होते. छगनभाई गेला, वडील कुंपणाशीच उभे. आईने जेवायला हाक मारली, हलले नाहीत. अंधार झाल्यावर आत आले. मला वाटलं, आज दिवा लावणार नाहीत. त्यांनी लावला. फक्त त्या दिवशी तेल थोडं जास्त घातलं.”

“म्हणजे त्यांना ठाऊक होतं?” शिवॉन म्हणाली.

“त्यांना होतं. मलाही होतं, नंतर कळायला लागलं तेव्हा. पण अगं, जी माणसं जाताना येते म्हणतात त्यांचा काय भरवसा? दिवा नसला आणि आली म्हणजे?” त्या हसल्या, मग हसू मोडलं. “आणि सोमवारी मला खरंच वाटलं बघ. दोन दिवस. तू मला दोन दिवस फार छान दिलेस, शिवॉन, आणि मी तुला यासाठी कधी माफ करणार नाही. आता फोन दे इकडे.”

एजन्सीच्या बाईंना त्यांनी जे सुनावलं ते मराठीत आणायची माझी छाती नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सानिका कामावर होती. समई खिडकीत होती, खाली वाळूची थाळी ठेवून, आणि शेजारी शिवॉन आग विझवायचं नळकांडं घेऊन पहाऱ्याला.

“मला सांग,” बाईंनी सानिकाला विचारलं, “वडिलांनी तिला उलट काय म्हणायला हवं होतं?”

“‘या’.”

“एवढंच? आमच्या ‘हो’ म्हणायच्या ‘येss’ सारखं?”

“त्याहून आखूड, नोरा.”

“शंभर वर्षं,” बाई पुटपुटल्या, “आणि एवढंसं उत्तर द्यायचं राहिलं होतं.”

शनिवारी सकाळी धुकं होतं. समई माझ्याकडे द्यायची ठरली होती. आता ती आमच्या दुकानाच्या खिडकीत असते, ड्रायव्हरांचा पत्ता थोडा सरकला इतकंच. शिवॉन गाडी सुरू करून बाहेर उभी होती. सानिका आणि मी रिकाम्या स्वयंपाकघराच्या दारात. कीनबाई काठी टेकत पायरीपर्यंत गेल्या, वळल्या आणि जिथे घर असावं असं त्यांना वाटलं त्या दिशेने तोंड करून, स्वच्छ उच्चारात म्हणाल्या,

“येते.”

“या,” आम्ही दोघी म्हणालो.

शिवॉन शपथेवर सांगते की तिला तीन आवाज आले. तिला मराठी येत नाही, म्हणून मी वाद घालत नाही.